नरहर कारकून आणि फुलपुड्यांची टोपली

नदीकाठच्या एका पेठेत वामनशेठ नावाचे एक व्यापारी राहत. त्यांची कापडाची पेढी पंचक्रोशीत सगळ्यांत मोठी. पेढीवर चाळीस कारकून कामाला होते. त्यांतला एक नरहर आणि एक त्रिंबक. दोघं एकाच आळीत राहत. पेढीवर लागले तेही एकाच वर्षी, आणि बसत शेजारी शेजारी.

नरहरचं अक्षर मोत्यासारखं. बारा वर्षांत त्याच्या कागदावर खाडाखोड झाली नव्हती. त्रिंबकचं अक्षर मात्र मुंग्या पळाल्यासारखं. पण त्रिंबकच्या परसात फुलझाडं होती, बेल होता, तुळशीचं बन होतं. सूर्य उगवायच्या आत तो आणि त्याची आई मिळून पळसाच्या पानात फुलपुड्या बांधत. मग त्रिंबक टोपली घेऊन निघे आणि पन्नास-साठ घरांच्या दाराच्या कडीला एकेक पुडी अडकवून येई. सोमवारी पुडीत बेल असायचा, मंगळवारी दूर्वा आणि जास्वंद, शनिवारी मारुतीसाठी रुईची पानं. फेरी संपली की अंघोळ, न्याहारी, आणि वेळेवर पेढी.

नरहरला याचं पूर्वी हसू येत असे. लेखणी धरणाऱ्या हातात टोपली शोभते का, असं तो चारचौघांत म्हणायचा. हसण्याचं हेव्यात रूपांतर झालं ते एका श्रावणात.

त्याचं असं झालं. पेढीवर चोळीचे खण डझनाच्या गठ्ठ्यानंच विकायची रीत होती. सुटा खण कोणी मागितला तर कारकून नाही म्हणत. बायका हिरमुसून समोरच्या छोट्या दुकानात जात. खणांचे गठ्ठे पेढीच्या माळ्यावर पडून राहिले. वामनशेठ म्हणाले, यंदा खण खपत का नाहीत, कोणी सांगेल का? त्रिंबक उठून म्हणाला, "शेठजी, श्रावणात घरोघर सवाष्णींची ओटी भरतात. कोणाकडे एक सवाष्ण असते, कोणाकडे पाच. बारा कोणाकडेच नसतात."

कुठल्या घरी शुक्रवारची सवाष्ण आहे, कुठे मंगळागौर आहे, हे त्याला ठाऊक होतं, कारण त्या घरांची जादा फुलं तोच पोचवत होता. शेठजींनी गठ्ठे फोडायला सांगितले. सुटे खण मांडले, आणि पाच-पाच खणांच्या गड्ड्या वेगळ्या लावल्या. श्रावण संपायच्या आत माळा रिकामा झाला. शेठजींनी सगळ्यांदेखत त्रिंबकच्या पाठीवर थाप मारली.

ती थाप त्रिंबकच्या पाठीवर पडली आणि लागली नरहरच्या काळजाला.

त्याचं कारणही होतं. पेढीचे जुने कारभारी दाजीबा यांची नजर अधू झाली होती. येत्या दिवाळीच्या पाडव्याला नवा कारभारी नेमायचा होता. बारा वर्षं नरहर त्या जागेकडे डोळे लावून बसला होता. आता त्याला दिवसाउजेडी दिसू लागलं की त्या जागेवर त्रिंबक बसलेला आहे.

हेवा हा पाहुणा मोठा चमत्कारिक. तो येतो दुसऱ्याच्या नावानं आणि जेवतो आपल्या घरी. नरहरला अन्न गोड लागेना. त्रिंबक कोणाशी हसून बोलला की याला वाटे, माझ्याबद्दल बोलला. त्रिंबकला कोणी रामराम घातला की हा मनात म्हणे, मला नाही घातला. पहाटेच त्याला जाग येई, आणि त्रिंबकची पावलं दारावरून जाईपर्यंत तो अंथरुणात तळमळत पडून राही.

खरं तर त्रिंबकची फुलपुडी नरहरच्याही घरी येत होती. एके दिवशी नरहर बायकोला म्हणाला, उद्यापासून ती पुडी बंद कर.

त्याची बायको आवडी देवाधर्माची होती. चातुर्मासात रोज विष्णूला तुळस वाहायचा तिचा नेम होता. ती शांतपणे म्हणाली, "बंद करते. पण देवाला काय सांगू? घरधन्याला शेजाऱ्याचा हेवा वाटतो, म्हणून आज तुळस नाही?"

पुडी येतच राहिली आणि आग वाढतच राहिली.

शेवटी न राहवून तो एकटाच वामनशेठांकडे गेला. म्हणाला, शेठजी, सांगू नये पण सांगतो. आपला पगार खाऊन त्रिंबक दुसरा धंदा करतो. अर्धं लक्ष पेढीत आणि अर्धं टोपलीत, अशानं पेढीचं भलं कसं होणार?

शेठजींनी विचारलं, "तो पेढीवर उशिरा येतो का?"

"नाही, शेठजी."

"गादीवर डुलक्या काढतो?"

"नाही."

"माझं गिऱ्हाईक आपल्याकडे वळवतो?"

"फुलांचं गिऱ्हाईक आणि कापडाचं गिऱ्हाईक वेगळं, शेठजी."

"म्हणजे तो माझं काही घेत नाही. पंत, तो तुमचं काय घेतो ते सांगा."

मान खाली घालून नरहर परत आला. चूक कळली म्हणून मान खाली गेली असती तर बरं झालं असतं. पण ती गेली ती रागानं.

आता देवाची करणी बघा. पंधरा दिवसांनी त्रिंबकच नरहरच्या दारात आला. त्याच्या आईनं कुलदेवीला नवस बोलला होता. तिला घेऊन जाऊन यायला आठ दिवस लागणार होते. शेठजींनी रजा दिली होती. पण चातुर्मास चालू होता. कोणाचा लाख बेलाचा नेम होता, कोणाचा दूर्वांचा. मध्ये खंड पडला तर बायकांची व्रतं मोडतील, ही त्याला काळजी होती. फुलं खुडून पुड्या बांधायला शेजारच्या बायका तयार होत्या. दारोदार पोचवायला मात्र विश्वासाचं माणूस हवं होतं. आठ दिवस ही फेरी तू करशील का, असं त्यानं नरहरला विचारलं.

नरहर लगेच हो म्हणाला. आवडीला नवल वाटलं. तिला आनंद झाला की दोघांमधली अढी सुटली. पण नरहरच्या मनात वेगळंच होतं. आठ दिवसांत सगळी घरं आपल्या ओळखीची होतील. मग यातली निम्मी तरी आपल्याकडे वळवू, आणि याच्या टोपलीत एवढं आहे तरी काय ते एकदा बघून घेऊ.

जाताना त्रिंबकनं घरं समजावून दिली आणि एकच गोष्ट बजावली. "पुडी अडकवण्याआधी उंबऱ्याकडे बघ. उंबरा सगळं सांगतो."

नरहरला ते बोलणं पोकळ वाटलं. त्यानं घरांची सुबक यादी केली आणि टोपली उचलली.

पहिले दोन दिवस यादीप्रमाणे गेले. अठ्ठावन्न घरं, अठ्ठावन्न पुड्या. पेढीच्या कामासारखंच काम, असं त्याला वाटलं. तिसऱ्या दिवशी मंगळवार होता. नरहर झपझप चालला होता. एकोणिसावं घर भिमाकाकूंचं. त्यानं लाल जास्वंदीची पुडी कडीला अडकवली आणि कडी जोरानं वाजवली.

दार उघडून भिमाकाकूंची सून बाहेर आली. तिचे डोळे सुजलेले होते. कडीवरची पुडी तिनं काढून त्याच्या हातात परत ठेवली. म्हणाली, "भावजी, मामंजी काल सांजच्याला गेले. दहा दिवस आमच्याकडे देवपूजा नाही."

नरहरनं खाली पाहिलं. आळीतल्या प्रत्येक उंबऱ्यापुढे सडा होता, रांगोळी होती. इथे कोरडी माती होती. आत भिमाकाकू भिंतीला टेकून बसल्या होत्या. त्या रागावल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "त्रिंबक असता तर कडी न वाजवता पुढे गेला असता रे."

नरहर पुढे निघाला, पण पाय जड झाले. दारावर दुःख मांडून ठेवलेलं होतं आणि त्याला ते दिसलं नव्हतं, कारण त्याचे डोळे यादीवर होते. बारा वर्षांत खाडाखोड न केलेला माणूस एका कोऱ्या उंबऱ्यासमोर चुकला.

त्या दिवसापासून तो हळू चालू लागला. उंबरे बघू लागला. एका दारी दोन रांगोळ्या दिसल्या, तेव्हा त्याला कळलं की माहेरवाशीण आली आहे. त्यानं दोन फुलं जास्त ठेवली. एका दारी उन्हं चढली तरी सडा नव्हता. त्यानं हाक मारली. आतली म्हातारी तापानं फणफणली होती. त्यानं शेजारणीला बोलावलं, वैद्याकडे निरोप धाडला आणि मगच पुढे गेला. सहा दिवस झाले नाहीत तोच लोक त्याच्याशी दोन शब्द बोलू लागले. तुमच्या पुडीतला बेल तुटलेला नसतो हो, असं चार घरच्या बायका म्हणाल्या. त्रिंबक आला तरी आमच्याकडे तुम्हीच या, असंही म्हणाल्या.

नरहर याचसाठी तर आला होता. पण त्याला वाटलं होतं तेवढा आनंद काही झाला नाही.

सातव्या दिवशी सकाळी पेढी नुकतीच उघडली होती. वामनशेठांच्या पेढीची एक शिस्त होती. दिवसाचं पहिलं गिऱ्हाईक म्हणजे लक्ष्मी. त्याला आधी विडा द्यायचा, गाव विचारायचं, चार ठाणं जास्त दाखवायची, आणि निरोप देताना 'पुन्हा या' म्हणायचं. ही शिस्त मोडणाऱ्या कारकुनाला दाजीबा उभं करून बोलत.

एक माणूस पायऱ्या चढून आला आणि नऊ हात कोरं पांढरं कापड द्या म्हणाला. एक कारकून विड्याचं तबक घेऊन पुढे झाला. दुसऱ्यानं धोतराला हवं की सदऱ्याला असं विचारत मलमलीचं ठाण काढलं. नरहर आपल्या जागेवरून बघत होता. माणसाच्या डोक्याला पागोटं नव्हतं. पायात वहाण नव्हती. कापड बघायचं सोडून तो पेढीच्या खांबाकडे बघत होता.

नरहर उठला. तबक त्यानं हातानंच मागे सारलं. मलमल गुंडाळायला लावली. साधं जाडंभरडं कापड स्वतः मोजून फाडलं आणि घडी करून त्या माणसाच्या हातात दिलं. गाव विचारलं नाही. तो निघाला तेव्हा नरहर पायरीपर्यंत गेला, हात जोडले, आणि 'पुन्हा या' म्हणाला नाही.

तो माणूस थांबला. म्हणाला, "आधी त्या कोपऱ्यावरच्या दुकानात गेलो होतो. बसायच्या आधी त्यांनी हातात विडा ठेवला. वडील घरात निजवून ठेवलेत आणि मी विडा धरून उभा. तसाच उठून आलो." एवढं बोलून तो पायऱ्या उतरला.

वामनशेठ गादीवरून हे सगळं बघत होते. त्यांनी नरहरला जवळ बोलावलं. त्यांचा आवाज कधी नव्हे तो मऊ होता.

"पंत, तुम्हाला कसं कळलं?"

पाडवा आठ दिवसांवर आला होता. दाजीबा शेजारीच बसले होते. असा प्रश्न या जागी नरहरला बारा वर्षांत कोणी विचारला नव्हता. खरं उत्तर त्याच्या ओठांवर आलं आणि परत फिरलं. तो म्हणाला, "बारा वर्षांचा अनुभव, शेठजी."

शेठजींनी मान डोलावली. दाजीबाही डोलले.

जे हवं होतं ते हाताशी आलं होतं. पण घरी आल्यावर नरहर भरल्या ताटावरून उठला. दुसऱ्या दिवशी शेवटची फेरी करताना भिमाकाकूंच्या दारावरून तो न थांबता पुढे गेला. कोऱ्या उंबऱ्याकडे बघताना त्याला वाटलं, ज्यानं मला इथे बघायला शिकवलं त्याचीच जागा मी खोटं बोलून घेतो आहे. त्याच्या फुलांची चोरी केली असती तर एक वेळ बरं होतं.

संध्याकाळी त्रिंबक आईला घेऊन परतला. नरहर टोपली घेऊन त्याच्या ओसरीवर गेला. बसला नाही. उभ्या उभ्याच म्हणाला की मी तुझी घरं घ्यायला ही फेरी पत्करली होती. चार घरं माझ्याकडे वळलीही आहेत. त्यांना उद्या तूच पुडी दे, मी त्यांना सांगून आलोय. आणि शेठजींकडे तुझी चहाडी केली ती मीच.

"माहीत आहे," त्रिंबक म्हणाला. "शेठजींनी मला दुसऱ्याच दिवशी तुझं नाव घेऊन विचारलं होतं."

"आणि तरी टोपली माझ्याच हातात दिलीस?"

"दुसऱ्या कोणाला देणार? पहाटे मी निघतो तेव्हा आळीत जागा असतोस तू एकटाच. खिडकीतून तुझं कूस बदलणं ऐकू येतं. म्हटलं, नाहीतरी जागाच आहेस, तर देवाची फुलं तरी पोचतील."

त्रिंबकची आई आत हसली. मग नरहरही हसला. किती दिवसांनी हसला ते त्यालाही आठवेना.

सकाळी पेढी उघडताच तो वामनशेठांपुढे उभा राहिला. "शेठजी, परवा मी खोटं बोललो. तो बारा वर्षांचा अनुभव नव्हता, आठ दिवसांचा होता. आणि तोही त्रिंबकच्या टोपलीतला."

शेठजींनी ऐकून घेतलं आणि त्याला कामाला जायला सांगितलं.

पाडव्याला पूजा झाली. शेठजींनी कारभाऱ्याचा शेला त्रिंबकच्या खांद्यावर घातला. नरहरच्या छातीत कळ उठली नाही असं म्हटलं तर ते खोटं होईल. उठली. पण पहिला नारळ त्रिंबकच्या हातात ठेवायला उठला तो नरहरच.

त्या दिवशी त्रिंबक त्याला म्हणाला, आता पेढीचं काम वाढणार. आळीच्या खालच्या अंगाची घरं तू कायमची घे. नरहर म्हणाला, नको. तुझी घरं तुझ्याकडेच राहू देत. मला माझं काहीतरी शोधू दे.

शोधायला फार लांब जावं लागलं नाही. आवडीनंच वाट दाखवली. आळीतल्या कितीतरी जणांना लिहिता येत नाही, ती म्हणाली, आणि तुमचं अक्षर तर देवानं दिलेलं. मग नरहर रोज सकाळी ओसरीवर बसून लोकांची पत्रं लिहून देऊ लागला. आधी त्याला वाटलं, सांगतील ते उतरवायचं, त्यात काय. पण एक म्हातारा आला आणि मुलाला लिहा म्हणून घटकाभर गप्पच बसून राहिला. एक सासुरवाशीण आईला 'मी सुखात आहे' असं लिहायला सांगताना रडत होती. कुठला शब्द लिहायचा, कुठला गाळायचा आणि कुठल्या शब्दानं ऐकणाऱ्याच्या डोळ्यांत पाणी येतं, हे नरहर तिथे शिकला.

मग पेढीवरची त्याची पत्रंही बदलली. पूर्वी परगावच्या व्यापाऱ्यांना तो लिहायचा ती पत्रं म्हणजे नुसते हुकूम. वाचून लोक बाजूला ठेवत. आता तो आधी त्यांच्याकडचं पाऊसपाणी विचारी, घरच्या माणसांची खुशाली विचारी, आणि मग कामाचं लिही. घाटाखालचा एक मोठा व्यापारी तीन वर्षं रुसून बसला होता. नरहरच्या कानावर आलं होतं की त्याची लेक आजारी आहे. त्यानं तिची चौकशी करणारं पत्र पाठवलं, त्यात कापडाचा शब्दही घातला नाही. महिन्याभरात तो व्यापारी स्वतः पेढीवर येऊन दाखल झाला.

वर्ष सरलं. पुढच्या पाडव्याला वामनशेठांनी परगावच्या व्यापाराचा सगळा कारभार वेगळा काढला आणि नरहरच्या हाती दिला. तो द्यावा म्हणून आग्रह धरला होता त्रिंबकनं, हे शेठजींनीच सगळ्यांना सांगितलं.

नरहर शेला घेऊन निघाला तो आपल्या घरी न जाता आधी त्रिंबकच्या ओसरीवर गेला. त्रिंबकनं त्याला मिठी मारली. मग दूर होऊन डोळे मिचकावत म्हणाला, "खरं सांगू, नरहर? देशोदेशीचे व्यापारी तुला विचारणार आणि मी इथे ठाणं मोजत बसणार. आता मला तुझा हेवा वाटायला लागलाय."

"वाटू दे दोन दिवस," नरहर म्हणाला. "तिसऱ्या दिवशी सकाळी माझ्या ओसरीवर ये. तुझं ते मुंगीचं अक्षर सुधारून देतो."

तात्पर्य: नोकरी इमानानं करता करता एखादा छोटा उद्योगही मनापासून केला, तर तो माणसं ओळखायला शिकवतो आणि ते शहाणपण नोकरीलाही उजळून टाकतं, म्हणून दुसऱ्याच्या उद्योगाचा हेवा करत तळमळू नये, त्यातून शिकावं आणि देवानं आपल्या हाती काय दिलं आहे ते शोधावं.